कळा सुरू झाल्यापासून टाके पडेपर्यंत

दाढ काढायची तर आधी हिरडी बधिर करतात. बाळंतिणीला मात्र ‘सगळ्याच बायका सोसतात’ असं सांगून गप्प केलं जातं, कधी कधी टाके घालतानासुद्धा. हे थांबायला हवं, आणि थांबवता येईल.

१. बाळंतपणातली वेदना एका वाटेने येत नाही. गर्भाशयाच्या कळांचा निरोप पाठीच्या खालच्या भागातल्या नसांतून वर जातो. शेवटी बाळाचं डोकं खाली सरकतं, योनिमार्ग ताणला जातो, तेव्हाची वेदना माकडहाडाच्या वरून निघणाऱ्या प्युडेंडल नसेची असते. कमरेत बारीक नळी घालून दिलेलं एपिड्युरल कळांवर उत्तम चालतं. पण खालच्या नसांची मुळं जाड असल्याने तिथे औषध कधी कधी कमी पोचतं. तासन्‌तास आराम मिळालेली बाई मग नेमकी शेवटी कळवळते.

२. इथे प्युडेंडल ब्लॉक कामी येतो. प्रसूतितज्ज्ञ बोटाने कटीच्या आतला हाडाचा उंचवटा चाचपतात आणि त्याच्याजवळ दोन्ही बाजूंना लिग्नोकेन टोचतात. काही मिनिटांत तो भाग बधिर होतो. कळा याने थांबत नाहीत, म्हणून तो एपिड्युरलची जागा घेऊ शकत नाही. एपिड्युरल नीट चालू असेल तर आणखी सुई नकोच. अपुरं पडलं तर आधी भूलतज्ज्ञ डोस वाढवून पाहतात; पण डोस फार वाढला की पाय जड होतात, जोर लावणं अवघड जातं. अशा वेळी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल, टाके घालायचे असतील, तर ब्लॉकचा विचार व्हावा. दोन अटी मात्र कसोशीने पाळायच्या: एपिड्युरल आणि ब्लॉक मिळून होणारी औषधाची बेरीज बाईच्या वजनाला झेपणारी हवी, आणि कात्री लावण्याआधी दोन्ही बाजू बधिर झाल्याची खात्री हवी. एखादी बाजू चुकते.

३. खरा अन्याय वाटपाचा आहे. एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञ आणि सतत लक्ष ठेवणारी माणसं लागतात. शहरातल्या खाजगी रुग्णालयात ती पैसे मोजून मिळतात, तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता मिळत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. बायकांनी सरकारचं ऐकलं, घर सोडून दवाखान्यात आल्या. आता दवाखान्याने त्यांचं ऐकावं. प्युडेंडल ब्लॉकला भूलतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित प्रसूतितज्ज्ञ पुरतात, आणि लिग्नोकेन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

४. ‘पाठीतल्या इंजेक्शनने सिझर होतं, आयुष्यभर कंबर दुखते’ ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. रक्तदाब उतरणं, खाज, ताप, जोर लावण्याचा काळ लांबणं आणि सुमारे शंभरात एकीला होणारी तीव्र डोकेदुखी हे मात्र खरे त्रास आहेत. ते कळा सुरू होण्याआधीच, निवांतपणे सांगावेत. प्रत्येक ब्लॉक निर्धोक असतो असंही नाही: गर्भाशयाच्या तोंडाजवळ दिल्या जाणाऱ्या ब्लॉकने बाळाचे ठोके मंदावू शकतात.

५. सिझरनंतरचं दुखणंही यातच मोजावं. मणक्यातून मॉर्फिन दिलं नसेल, तर पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये दिलेला टॅप ब्लॉक पहिल्या दिवशी मोठा दिलासा देतो.

६. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी गरोदर स्त्रीसाठी एपिड्युरलची शिफारस केली. आपल्याकडे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण मोफत आहे. वेदनाशमन त्याचाच भाग मानलं जावं. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि पुढे जिल्हा रुग्णालयांत चोवीस तास एपिड्युरल, ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ब्लॉकचं प्रशिक्षण, आणि भूल दिल्याशिवाय कुठेही छेद किंवा टाका नाही, एवढी मागणी आहे. तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा: इथे दुखणं कमी करायला काय काय मिळतं? उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर ते सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे लेखी कळवा.