अंगठ्याचा कोन आणि वैद्याचे माप

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला, त्याच्या मुळाशी दुखरा उंचवटा आणि हातात क्ष-किरण चित्र, असे रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. आधुनिक वैद्यकात यास हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. याविषयी आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

एका रुग्णेस आम्ही स्नेहन, स्वेदन, लेप व गुग्गुळकल्प दिले. तीन महिन्यांनी वेदना उणावल्या. नव्या चित्रात कोनही सहा अंशांनी कमी भरला. आम्हांस धन्यता वाटली. पुढे ध्यानी आले की, पहिले चित्र उभ्याने व दुसरे निजवून काढलेले होते!

देहभार पडताच पुढचा पाय पसरतो आणि हाडांतील कोन वाढतो. निजलेल्या रुग्णात तो कमी दिसतो. म्हणून माप उभ्याने काढलेल्या चित्रावरच घ्यावे. पहिले मेटाटार्सल हाड व अंगठ्याचे मागचे हाड यांच्या मध्यरेषांतील कोन सामान्यतः १५ अंशांपर्यंत प्राकृत, ४० अंशांपलीकडे तीव्र विकृती मानतात. पहिल्या व दुसऱ्या मेटाटार्सलमधील कोन साधारणतः ९ अंशांच्या आत असतो. एकच चित्र दोघांनी मोजल्यासही काही अंशांचा फरक पडतो. तेव्हा दोन-तीन अंशांची घट हा चिकित्सेचा गुण नव्हे.

मग आमची चिकित्सा व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. रुग्णा वेदनेसाठी आली होती आणि वेदना शमली. कोन मोठा असूनही वेदना अल्प, वा कोन लहान असून वेदना तीव्र, असे आढळते. कोन चित्र सांगते. वेदना प्रश्नपरीक्षेनेच कळते. याच सांध्यात वातरक्तही ठाण मांडते. तेथे केवळ कोन मोजून निदान केल्यास घात होतो.

वेदना व शोथ यांचे शमन, रुंद तोंडाची पादत्राणे, इतके आश्वासन आपण प्रामाणिकपणे देऊ शकतो. प्रौढाचे वळलेले हाड लेपाने सरळ होते, असे म्हणू नये. वेदना न शमल्यास शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधनिर्मात्या बंधूंना विनंती की, आधीची व नंतरची चित्रे छापण्यापूर्वी दोन्ही उभ्याने काढली आहेत काय, हे पाहावे. शास्त्राची प्रतिष्ठा चुकीच्या मापावर उभी राहत नाही.