कारण नसलेला प्रवास

“कुणाच्या लग्नाला निघालात?” इस्लापूरला चहा पिताना हॉटेलवाल्याने विचारलं. लग्न नाही म्हटल्यावर, “मग माहूरला, देवीला?” नुसतं फिरायला आलोय, म्हणालो तेव्हा त्याची नजर ड्रायव्हर शोधू लागली. मोटारीची चावी आमच्यातल्याच एकीच्या हातात होती.

आम्ही गटातल्या चौघी. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत निघालो आणि तीन दिवस किनवट-माहूरचा मुलूख हिंडलो. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. तिथे दोन तास बसून राहिलो. एक म्हणाली, “लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण भाजी निवडायला न घेता इतका वेळ बसल्याचं आठवत नाही.” पुढे सागाचं जंगल, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरचा किल्ला.

बाई घराबाहेर पडतच नाही असं नाही. ती माहेरी जाते, दवाखान्यात जाते, देवाला जाते. यात्रेने कित्येकींना मोकळा श्वास दिला, हेही खरं. पण नवस नाही, आजारी माणूस नाही, केवळ मनात आलं म्हणून निघालेली बाई अजून संशयाची धनी होते. एका लॉजवर “बरोबर पुरुष कोण?” असं विचारून आम्हाला खोली नाकारली. चार पुरुष मित्र फिरायला निघाले तर त्यांना कारण कोण विचारतं? याच माहूरच्या सावित्रीबाई देशमुख, म्हणजे रायबागन, १६६१ साली मोगली फौजेबरोबर सह्याद्रीतल्या उंबरखिंडीपर्यंत गेल्या होत्या. त्या कुणाच्या बाजूने होत्या हा वेगळा प्रश्न. पण बाईला लांबचा पल्ला झेपत नाही, असं या मातीत तरी कुणी म्हणू नये.

मोटारीने हिंडणं हे पगारदार बायकांचे लाड आहेत, असं कुणी म्हणेल. ते आम्हाला मान्य आहे. वाटेत सरपणाच्या मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायका भेटल्या. त्यांच्या वाट्याला रोजची पायपीट आहे, प्रवास नाही. म्हणूनच प्रश्न मोटारीचा नाही. मार्च २०२३ मध्ये एस.टी.ने बायकांचं तिकीट निम्म्यावर आणलं, तेव्हा “आता बायका विनाकारण हिंडतील” अशी थट्टा झाली. हिंडू द्या की! विनाकारण हिंडणं हासुद्धा हक्क आहे. त्यासाठी वाटेवर स्वच्छ संडास हवेत, तालुक्याच्या गावी चौकशी न करता मिळणारी खोली हवी, आणि घरी दोन दिवस चूल सांभाळणारे पुरुष हवेत.

मैत्रिणींनो, वर्षातून दोन दिवस गटाने असे काढा. शिबिर नको, ठराव नको, अहवाल नको. जिला जमेल तिने गाडी शिकावी, नाहीतर एस.टी. आहेच. आणि कुणी कारण विचारलं तर सांगा, “कारण काही नाही, मनात आलं.”