गाणी गेली कुठं?

बालदोस्तांनो,

मागच्या वेळी तुमच्या पत्रांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला होता : "बाई, आमच्या घरचा कॉम्प्युटर जुना झालाय, त्यातली गाणी नव्यात कशी न्यायची?" प्रश्न वाचला आणि माझे कान लाल झाले. का म्हणून विचारता? सांगते. या बाबतीत तुमच्या बाई एकदा सपशेल नापास झाल्या आहेत!

आमच्या शाळेत एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात 'गाणी' नावाचं एक फोल्डर. प्रार्थना, समूहगीतं, स्नेहसंमेलनातले नाच, कवायतीचं संगीत, अशी सगळी मिळून ४१२ गाणी. पण त्यातली पाच माझ्या खास जिवाची होती. ती कुठल्याही दुकानात मिळाली नसती.

त्याचं असं झालं होतं, की वर्गात जात्याचा विषय निघाला आणि निम्म्या मुलांनी जातं पाहिलेलंच नव्हतं. तेव्हा एका मुलीची आजी म्हणाली, "या की घरी." आम्ही गेलो. आजींना म्हटलं, ओवी म्हणा. त्या हसल्या. "रिकाम्या हातानं ओवी सुचत नाही गं बाई, दळण आण." मग शेरभर ज्वारी आली, जातं फिरायला लागलं आणि आजींचा आवाज लागला. मी माझ्या फोनवर पाच वेळा रेकॉर्डिंग केलं आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिलं. पुढं फोन बदलला. दोन वर्षांनी आजी गेल्या.

आता कॉम्प्युटरकडे वळू. तो अधूनमधून आपोआप बंद पडायला लागला. आतून टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. तालुक्याहून दुरुस्तीवाले दादा आले, कान लावून म्हणाले, "बाई, हार्डडिस्क चाललीय. काय असेल ते आधी काढून घ्या."

जुन्या हार्डडिस्कमध्ये गोल चकत्या असतात बरं का. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा त्या गरगर फिरतात. त्यांच्यावरून, अगदी केसाहूनही कमी अंतरावरून, एक बारीक दांडी सरकत वाचत जाते. त्या दांडीला जागा सापडेनाशी झाली की ती पुन्हा पुन्हा मागं येते, आणि टक्‌ टक्‌ ऐकू येतं. म्हणजे दुखण्याचा निरोपच तो!

आमच्या सहावीत एक 'इंजिनिअर' आहे. म्हणजे मुलं त्याला तसं म्हणतात. तो पुढं सरसावला. 'सगळी गाणी' नावाची फाइल त्यानं उचलली, पेनड्राइव्हवर टाकली. "बाई, झालं!" डोळ्याचं पातं लवायच्या आत! मी म्हटलं, लावून दाखव. त्यानं पेनड्राइव्हवरच्या फाइलवर टिचकी मारली. प्रार्थना सुरू झाली. दुसरं लावलं, तेही वाजलं. आजींची ओवीसुद्धा वाजली. मी खूश! दादांना सांगितलं, काढा जुनी डिस्क, घाला नवी.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला प्रार्थना लावायला गेले, तर पडद्यावर : फाइल सापडत नाही. दुसरं गाणं? सापडत नाही. ४१२ गाण्यांना तेच उत्तर. अख्खी शाळा रांगेत उभी आणि मी घामाघूम!

ओळखलंत का, काय झालं होतं ते? 'सगळी गाणी' ही गाण्यांची फाइल नव्हतीच. ती होती प्लेलिस्ट. प्लेलिस्ट म्हणजे नुसती पत्त्यांची वही. "अमुक गाणं ड्राइव्ह डीमध्ये, गाणी नावाच्या फोल्डरमध्ये आहे," अशा ४१२ ओळी. तुमच्या मित्रांचे पत्ते लिहिलेली वही तुम्ही दप्तरात घातली, म्हणून काय मित्र दप्तरात येतात? आम्ही पेनड्राइव्हवरून वाजवून पाहिलं, तेव्हा कॉम्प्युटर पत्ता वाचून जुन्या घरीच जात होता आणि गाणं तिथूनच आणत होता. घर पाडलं, मग पत्त्याचा काय उपयोग?

आणि हे आधी कळण्यासारखं होतं. थोडं गणित करू या. तुम्ही ज्याला एमपीथ्री म्हणता, त्या प्रकारात साध्या प्रतीच्या गाण्याला सेकंदाला १६,००० बाइट लागतात. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे ३०० सेकंद. झाले ४८ लाख बाइट. अशी ४१२ गाणी म्हणजे जवळजवळ दोन जीबी. आणि आमच्या इंजिनिअरची फाइल केवढी होती? ३५ केबी! एका गाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. दोन जीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत जात नाहीत. पण तेव्हा वजन पाहायचं कुणाला सुचलं? मलाही नाही.

जाता जाता एक गंमत. तेच पाच मिनिटांचं गाणं सीडीवर असेल, तर त्याला सव्वापाच कोटींहून जास्त बाइट लागतात. कारण सीडी आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेते, तेही दोन्ही कानांसाठी वेगवेगळं. मग एमपीथ्रीत ते अकरापट लहान कसं होतं? पिठाची गिरणी चालू असताना शेजारी कुणाच्या बांगड्या वाजल्या, तर तुम्हाला ऐकू येतात का? नाही ना! मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. कानाला जे कळणारच नाही, त्यावर जागा खर्च करायची नाही, ही त्यामागची युक्ती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता, आणि फाइलच्या नावामागं 'एमपीथ्री' लावायचं त्यांनी १९९५ साली ठरवलं.

असो. दादांनी जुनी डिस्क फेकली नव्हती, एवढं नशीब. ती त्यांनी नव्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडली. एकेक गाणं येऊ लागलं. ३४०, ३४१... आणि टक्‌ टक्‌ टक्‌. बंद. नंतर ती डिस्क हललीच नाही. आलेल्या गाण्यांत आजी नव्हत्या.

आमचा इंजिनिअर कोपऱ्यात तोंड लपवून रडत होता. मी त्याला जवळ घेतलं. चूक त्याची एकट्याची नव्हती. मोठं माणूस मी होते, आणि "झालं" म्हटल्यावर मान मीच डोलावली होती. आजींच्या नातीला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. तिला सांगितलं. ती गप्प बसली. दोन दिवसांनी फोन घेऊन शाळेत आली. "बाई, तुम्ही तेव्हा एक ओवी आईला पाठवली होती ना, ती आईनं आत्याला पाठवली होती. आत्याकडं होती." लावली. आधी कोंबडा आरवला, मग जात्याची घरघर, मग आजी. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

पाचांतली एक मिळाली. चार कायमच्या गेल्या. त्या चारांत काय होतं, ते आम्हाला पुरतं आठवतही नाही.

मुलांनो, आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुष्कळ माणसांच्या मदतीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून, लाखाहून अधिक ओव्या! बऱ्याचशा आवाजासकट जपल्यात आणि आता त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. एवढा ठेवा जपता येतो, मग मला पाच ओव्या जपता येऊ नयेत?

म्हणून आता आमच्या वर्गात भिंतीवर हे नियम लावलेत. तुम्हीही लिहून घ्या.

१. आधी मोजा. किती फाइल, एकूण किती जीबी, ते वहीत लिहा. नव्या जागी तोच आकडा यायला हवा.

२. 'कट' नको, 'कॉपी' करा. हलवताना मध्येच वीज गेली, तर निदान जुनी प्रत शाबूत राहते.

३. पेनड्राइव्ह हिसका देऊन उपटू नका. कॉम्प्युटरला सांगून मगच काढा. पडद्यावर काम झालेलं दिसलं, तरी आत लिहिणं चालू असू शकतं.

४. तपासणी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर करा. आमची फसगत नेमकी इथं झाली.

५. चुकून काही पुसलं गेलं, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. पुष्कळदा कॉम्प्युटर आधी फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडतो. पान तसंच असतं, पण त्यावर दुसरं काही लिहिलं की संपलं.

६. जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या तीन प्रती ठेवा. त्यांतली एक दुसऱ्या घरी. आजींची ओवी अशीच वाचली, आत्याच्या घरी होती म्हणून.

आमच्या इंजिनिअरचं काय, म्हणता? त्याला आता 'गाणी-मंत्री' केलंय. महिन्यातून एकदा तो तिन्ही प्रती मोजतो आणि वहीत आकडा लिहून सही करतो. माझीही सही घेतो. न मोजता मी सही करायला गेले, तर वही मागं ओढतो!

आता तुमच्यासाठी कोडं. एका मिनिटाच्या गाण्याला ९,६०,००० बाइट लागतात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर, म्हणजे ८०० कोटी बाइटमध्ये, साधारण किती तासांची गाणी मावतील? उत्तर पुढच्या अंकात.

आणि एक काम. आज घरी जाऊन आजी-आजोबांना एक गाणं म्हणायला सांगा. रेकॉर्ड करा. मग मामाला, काकूला, आत्याला पाठवा. उद्यावर टाकू नका हं!

तुमच्या,
बाई