संगणकाचें पेंव

सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. येथील जुन्या घरांतून रोजची ज्वारी स्वयंपाकघरांतील डब्यांत असे व वर्षाची कणगींत किंवा पेंवांत. संगणकाचा संसारही असाच चालतो. रॅम हा त्याचा हाताशी असलेला डबा, डिस्क हें कोठार. डबा भरला म्हणजे तूर्त न लागणारा मजकूर डिस्कवर ज्या राखीव जागेंत नेऊन ठेवतात, तिला स्वॅप म्हणतात. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकांत ही युक्ति १९६२ सालींच प्रत्यक्षांत आली होती.

ज्या घरीं ४ जीबी रॅमचा जुना संगणक मुलीच्या अभ्यासास दिलेला आहे, तेथें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. लिनक्समध्यें रॅम संपली आणि स्वॅपही नसला, तर प्रणाली एखादा चालू प्रोग्रॅम स्वतःच बंद करते. सेव्ह न केलेला निबंध त्याबरोबर जातो.

स्वॅपसाठीं डिस्कचा स्वतंत्र भाग पाडावा कीं साधी फाईल करावी? स्वतंत्र भाग म्हणजे खणलेलें पेंव; मागाहून लहानमोठें करणें जिकिरीचें. फाईल म्हणजे कणगी. हवी तेव्हां मोठी करावी. वेगांत आतां जाणवण्याजोगा फरक राहिलेला नाहीं. उबुंटूनेंही २०१७ पासून नव्या मांडणींत फाईलच पत्करली. सामान्य कुटुंबानें तीच करावी, असें आमचें मत आहे. मात्र तींत पासवर्डही उतरूं शकतात. म्हणून ती वाचण्याचा अधिकार केवळ रूटकडे ठेवावा.

रॅमच्या दुप्पट स्वॅप हा नियम तुटपुंज्या रॅमच्या काळांतला. ४ जीबीस ४ जीबी पुरे. पण हायबरनेट करून, म्हणजे सारें काम डिस्कवर उतरवून, संगणक बंद करावयाचा असेल, तर स्वॅप रॅमहून थोडा अधिक असावा. त्या कामीं स्वतंत्र भाग अधिक सोयीचा. फाईलला जास्त खटपट पडते.

एक गोष्ट विसरूं नये. रॅममधून मजकूर मिळण्यास सेकंदाचा सुमारें एक कोट्यंश लागतो. फिरत्या डिस्कवरून कांहीं सहस्रांश. तेव्हां रोजच्या भाकरीसाठीं पेंव उघडावें लागत असेल, तर पेंव वाढवून कांहीं साधणार नाहीं. डबाच मोठा घ्यावा.