हबशी म्हणजे काय, दादी?



मागच्या महिन्यात इथे जवाहरनगरला आमच्या नात्यातल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगी बी.एड. झालेली, बोलायला गोड. चहा-नाश्ता झाला, सलाम-दुआ झाली. दोन दिवसांनी निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण रंग..." वाक्य कोणी पूर्ण केलं नाही. तिची समजूत घालता घालता घरातलीच एक खाला बोलून गेली, "काय करणार, आपल्या खानदानात ही एकच हबशी निघाली." सगळे हसले. आम्हीही हसलो. ती उठून आत गेली.

तेवढ्यात आठ वर्षांच्या नातवाने विचारलं, "हबशी म्हणजे काय, दादी?"

उत्तर द्यायला बसलो आणि मान खाली गेली. हबशा म्हणजे आफ्रिकेतला आजचा इथिओपिया. मक्केत छळ सोसवेना तेव्हा पहिल्या मुसलमानांनी हिजरत केली ती हबशाकडे, आणि तिथल्या नजाशी राजाने त्यांना आसरा दिला. हजरत बिलाल (रजि.) हबशीच. गुलामीतून सुटलेला हा माणूस इस्लामचा पहिला मुअज्जिन झाला आणि मक्का फतह झाल्यावर काबागृहावरून अजान त्यांनीच दिली. काळ्यावर गोऱ्याला वा गोऱ्यावर काळ्याला श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व फक्त तक्व्याने, ही शिकवण आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. आणि ज्या मुलखाने आपल्याला आसरा दिला त्याचंच नाव आमच्या घरात शिवी झालं!

नातवाला मग आपल्या महाराष्ट्राची गोष्ट सांगितली. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ताकरविता मलिक अंबर झाला. त्याने खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. तिथे नहरीने पाणी खेळवलं, जमीन महसुलाची घडी बसवली. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुरुडजवळच्या जंजिऱ्यावर सिद्दींनी शतकानुशतके राज्य केलं, ते संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं.

"मग ते लोक आता कुठे आहेत?" त्याने विचारलं.

आहेत. गुजरातेत गीरच्या आसपास आहेत, आणि आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात आहेत. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. हल्याळकडचे सिद्दी घरात कोकणी बोलतात. तरी शहरात गेले की लोक त्यांना विचारतात, "कुठल्या देशातून आलात?" पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्यांना हा प्रश्न! तिथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं.

पण पालटही दिसतो. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. गुजरातच्या हीरबाई लोबी यांनी सिद्दी बायकांना उभं केलं, त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणून आमच्या आशा हवेतल्या नाहीत. सिद्दींच्या पोरांनी शिकावं, डॉक्टर, शिक्षक, अधिकारी व्हावं, आणि दर गावात आपण इथलेच आहोत हे पटवून द्यायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. मलिक अंबरचं नाव मुलांनी फक्त लढायांच्या यादीत नव्हे, शहर वसवणारा म्हणूनही वाचावं.

ही आशा आमच्या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघांचं दुखणं त्यांना एकच दिसत होतं. तेच बाबासाहेब १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. भंडाऱ्याने त्यांना निवडून दिलं नाही.

पण वाचक भगिनींनो, दूरच्या लोकांसाठी आशा बाळगणं सोपं असतं. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी स्थळं पाहताना आम्हीच फोनवर विचारलं होतं, "मुलीचा रंग कसा आहे?" त्या फोनच्या पलीकडेही कोणाची तरी मुलगी उठून आत गेली असेल.

त्या रात्री आम्ही मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही हसलात, त्याचं जास्त लागलं." दुसऱ्या दिवशी तिचा नवा बायोडाटा लिहायला घेतला. रंगाची ओळ आली तेव्हा नातवाने विचारलं, "इथे काय लिहायचं?"

आम्ही ती ओळच खोडली. आता कोणी फोनवर रंग विचारला, तर तिचं शिक्षण सांगू. पुन्हा विचारला, तर आम्हीच नको म्हणू. अल्लाह आम्हाला त्यावर कायम राहण्याची तौफीक देवो. आमीन.