लॅपटॉप म्हातारा नाही, वेब सुटलंय!

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांचा एक आवडता सल्ला आहे. कुणी म्हणालं, 'लॅपटॉप फार स्लो झालाय रे', की आपण मान वर न करता सांगतो, 'जुना झाला, नवा घे.' मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो.

जरा विचार करा. बारा वर्षांपूर्वीचा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप. तेव्हा तो बातम्या दाखवायचा, मेल उघडायचा, रेल्वेचं तिकीट काढून द्यायचा. आजही घरच्यांना त्याच्याकडून तेवढंच हवंय. मग बिघडलं काय? पान बिघडलं! चार परिच्छेदांच्या बातमीबरोबर आता ट्रॅकर्स, जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि ढीगभर जावास्क्रिप्ट येते. आणि हे सगळं लिहितं कोण? आपणच की! ऑफिसच्या दणकट मशीनवर टेस्ट करायचं आणि वापरणाऱ्याला सांगायचं, तुझं मशीन भंगार. वा!

इलाज फुकट आहे. फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका. ठराविक आकारापेक्षा मोठ्या मीडिया फाइल्स अडवायची सोय त्यात आहे (मुळात आकडा ५० केबीचा असतो), बाहेरून येणारे फॉन्टही रोखता येतात. ऑटोप्ले बंद करा. 'अबाउट:प्रोसेसेस' या पानावर कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. 'अबाउट:अनलोड्स' मधून टॅब बंद न करता त्याची मेमरी सोडवता येते. एखादं पान मोडलं, तर तेवढ्या साईटला सूट द्या. अर्ध्या तासाचं काम.

'हे क्रोमवरही होईल की!' तितकंसं नाही. २०२५ मध्ये गूगलने क्रोममधून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली, त्यात यूब्लॉक ओरिजिन गेलं. उरली ती त्याची 'लाइट' आवृत्ती. काय अडवायचं हे तुम्ही ठरवणार की जाहिराती विकणारी कंपनी, एवढाच प्रश्न आहे. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर दुसरा पर्याय वापरात राहायला हवा!

एक मात्र लक्षात ठेवा: संगणक जुना चालेल, ब्राउझर जुना चालणार नाही. सुरक्षेचे अपडेट थांबलेला ब्राउझर बँकेच्या कामाला वापरू नका. विंडोज ७ वर क्रोम २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीवर थांबला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अशा जुन्या मशीनला दारातच उभं करत नाही. तिथे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, म्हणजे ताजा फायरफॉक्स मिळत राहतो.

२००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला तेव्हा 'ही साईट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा' या पाट्यांना आपणच शिव्या घालत होतो. आज त्याच पाट्यांवर क्रोमचं नाव घालून त्या लावतोय कोण?

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच करा: आपली साईट ४ जीबीच्या मशीनवर, फायरफॉक्समध्ये उघडून बघा. ती धापा टाकायला लागली, तर कृपा करून मशीनला दोष देऊ नका.