फीमाफी दिलीत, आता तारीखही द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे कुलगुरू



मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीच्या परीक्षा आटोपल्या की पालक विचारायला येतात, "मॅडम, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत पैसे भरून टाकू, की कॅप राउंडची वाट पाहू?" वरवर पाहता हा प्रश्न दर्जाचा वाटतो, पैशाचा वाटतो. जरा बोलतं केलं की कळतं, खरा प्रश्न भरवशाचा आहे. तो भरवसा देणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

खासगी विद्यापीठं स्वतःची प्रवेशपरीक्षा लवकर घेतात, निकाल हातोहात लावतात आणि सांगतात, अमुक तारखेपर्यंत रक्कम भरा, जागा पक्की. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेचा निकाल येतो जूनच्या मध्यावर. त्यापुढच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या कधी ऑगस्टपर्यंत लांबतात, कधी सप्टेंबरपर्यंत. तोवर शेजारच्या मुलाचं होस्टेलसुद्धा ठरलेलं असतं. मग घरात रोज तोच विषय निघतो आणि एक दिवस बाप बँकेत जाऊन उभा राहतो.

ही घाई केवढ्याला पडते? वर्षाची फी तीन लाख धरू. चार वर्षांचे झाले बारा लाख. ते सगळे कर्जाऊ घेतले, व्याज 10 टक्के आणि मुदत 10 वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे 15,850 रुपये बसतो. एकूण परतफेड जाते 19 लाखांच्या घरात. शिकत असतानाचं व्याज, राहणं-जेवण यात धरलेलंच नाही. एखाद्या खासगी विद्यापीठात एखादा विषय खरोखरच उत्तम शिकवला जातो, आणि ज्यांना परवडतं त्यांनी तिथे जरूर जावं. पण तिथला अभ्यासक्रम न पाहता, केवळ कॅपच्या वेळापत्रकाच्या धास्तीने कोणी कर्ज काढत असेल, तर तो दोष त्या पालकाचा नाही.

सर्वांत जास्त नुकसान मुलींचं होतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय, मनापासून अभिनंदन. मात्र त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे धीर सुटून मे महिन्यातच तिकडे प्रवेश पक्का केलेली मुलगी या सवलतीला मुकते. शासन एका हाताने फी माफ करतं आणि दुसऱ्या हाताने वेळापत्रक लांबवून तिला त्या माफीबाहेर ढकलतं.

कुलगुरू महोदय, प्रवेशाच्या फेऱ्या तुमच्या हातात नाहीत, हे मान्य. निकाल तर आहेत? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 म्हणतो की परीक्षा संपल्यावर 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काहीही झालं तरी 45 दिवसांत तो लावावाच. कायदा झाला आणि लगेच 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाइन मूल्यांकनाचा गोंधळ झाला. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ते वर्ष पालक अजून विसरलेले नाहीत.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीच्या सर्वसाधारण यादीत 2024 मध्ये 37 वं होतं, 2025 मध्ये 91 व्या स्थानावर गेलं. या क्रमवारीत विद्यार्थ्यांमागे पूर्णवेळ शिक्षक किती, हेही मोजलं जातं. वर्षानुवर्षं रिक्त राहिलेल्या जागा आणि तासिका तत्त्वावर चालवलेले विभाग यांची किंमत तिथे दिसणारच. कमी फीच्या विद्यापीठात शिकवायलाच कोणी नसेल, तर पालकांना मी कोणत्या तोंडाने थांबायला सांगू?

म्हणून चार मागण्या. एकीलाही मोठा निधी लागत नाही.

एक, कॅपच्या सर्व फेऱ्यांच्या तारखा डिसेंबरमध्येच जाहीर करा. त्या पुढे ढकलल्या, तर कारण लेखी द्या.

दोन, प्रत्येक परीक्षेचा निकाल कितव्या दिवशी लागला, याचा तक्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा.

तीन, विभागवार मंजूर पदं किती, भरलेली किती आणि तासिकेवरचे शिक्षक किती, हे प्रवेशाआधी सांगा.

चार, खासगी विद्यापीठांना पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च आणि प्रवेश रद्द केल्यास रक्कम परत मिळण्याचे नियम जाहिरातीतच ठळक छापायला लावा. यूजीसीने 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना याचा पत्ताच नव्हता.

एवढं झाल्यावरही ज्यांना खासगी विद्यापीठात जायचं ते जातील, आणि ती त्यांची निवड असेल. आज ती निवड नाही, नाइलाज आहे. या पत्राला आश्वासनाचं उत्तर नको. येत्या डिसेंबरमध्ये तारखा लावा. तोच कागद मी वर्गाच्या फळ्याशेजारी डकवीन आणि पालकांना सांगेन, थांबा.

आपली विश्वासू,
बारावीची एक शिक्षिका